वापरातलं

तिचा नवरा परदेशात वारला होता. त्याचं घड्याळ पार्सलने आलं, ते तीन महिने कस्टमच्या गोदामात सीलबंद पडून होतं. आज ती ते सोडवायला आली.

अधिकाऱ्याने अर्ज वाचला. “ताई, इथे ‘वापरातलं’ लिहिलंत. वापरातल्या घड्याळाला ड्युटी माफ असते. मालक गेले, म्हणजे हे वापरलेलं. त्याला भरावी लागते.” त्याने शब्द खोडून दुरुस्त केला.

“आमचे हे घालतात ते अजून,” ती म्हणाली.

अशी माणसं त्याला नवी नव्हती. तो समजुतीने म्हणाला, “हे ऑटोमॅटिक आहे. मनगट हललं तरच याला चावी बसते. काढून ठेवलं की दोन दिवसांत बंद पडतं. तुमच्यासमोरच उघडतो, म्हणजे वाद नको.”

सील तोडून त्याने घड्याळ बाहेर काढलं. सेकंदकाटा फिरत होता. वेळ तिकडची नव्हती. भिंतीवरच्या घड्याळाशी मिनिटाचाही फरक नव्हता. चामड्याचा पट्टा बोटांना कोमट, घामट लागला.



अधिकाऱ्याने अर्ज पुन्हा पुढे ओढला, आणि आपणच लिहिलेलं ‘वापरलेलं’ खोडून वर ‘वापरातलं’ लिहिलं.