नारूचं इंजिन
पासष्ट सालच्या मे महिन्यात नारूच्या होडीच्या इंजिनाचा गव्हर्नर तुटला. वेग आवरणारा तो एवढासा पार्ट, पण त्याच्यावाचून होडी किनाऱ्यालाच. इंजिन जुनं विलायती आणि ते बनवणारी कंपनी कधीच बंद पडलेली. हरिश्चंद्र मिस्त्री मुंबईपासून सुरतेपर्यंतचे भंगारवाले पालथे घालून हात हलवत परत आला. नारळी पुनव चार दिवसांवर आली. डहाणूच्या बाकीच्या होड्या रंगून तयार होत्या.

"तो पार्ट दिसतो तरी कसा?" नारूच्या शेजारच्या अंबूबाईने विचारलं.

मिस्त्रीने दोन मुठी समोरासमोर धरून फिरवल्या. "असे दोन लोखंडी गोळे, मध्ये दांडा."

अंबूबाई आत गेली आणि देव्हाऱ्यातला शेंदूर थापलेला देव पदरात घेऊन आली.

"आमच्या ह्यांच्या पहिल्या इंजिनाचा आहे. वादळातून त्यांना घरी आणलं त्या इंजिनानं. ते भंगारात गेलं तेव्हा एवढं मी ठेवून घेतलं."

मिस्त्रीने नखाने शेंदूर खरवडला. खाली त्याच कंपनीचं नाव होतं.

"अहो, दर नारळी पुनवेला तुमच्याकडे जेवायला येतो आणि ह्याच्या पाया पडतो मी!"

"मग पावला तुम्हाला. न्या."

पुनवेला नारूने इंजिन चालू केलं. ठोके एकसारखे पडू लागले. अंबूबाईने होडीत चढून गव्हर्नरला शेंदराचं बोट लावलं. मिस्त्रीने हात जोडले. इतकी वर्षं न ओळखता जोडले होते, यंदा ओळखून.