मेहेरातलं झाड

"माझं काम दोन वर्षांचं आहे, मौलाना. तेवढ्यापुरताच निकाह केला तर चालेल?" केपटाउनच्या मशिदीत मुबीन पारकरने हळूच विचारलं. चिपळूणला आईने मुलगी बघून ठेवली होती, ते मात्र त्याने सोयीस्करपणे गिळलं.

मौलाना कोकणातलेच, तोंडाचे फटकळ. "मुदत ठरवून केलेला निकाह हा निकाहच नव्हे. आणि मुदत पोटात ठेवून केलास, तर निकाह खरा, पण तू लबाड!"

मुबीनने त्यातलं 'निकाह खरा' एवढंच उचललं आणि खुशीत निघाला.

मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायचं देणं, ठरवायला सगळे नवरीच्या, नफीसाच्या घरी जमले. ती केपटाउनमध्येच जन्मलेली, पण आजोबा दापोलीचे. 'माझ्या घरी नंतर सांगू' हे मुबीनचं पालुपद ऐकून ती कंटाळली होती. सोनं नको, पैसे नकोत, म्हणाली. "तुमच्या चिपळूणच्या दारातला हापूस द्या. निकाहाआधी माझ्या नावावर करून."

"एवढंच ना? दिला!" मुबीनला वाटलं, पोरगी अगदीच भोळी.

मौलाना दाढीतल्या दाढीत हसले. "पण झाड तुझ्या आईचं. तिला विचारायला नको? लाव फोन, स्पीकरवर."

मुबीनने चाचरत कसंबसं विचारलं. पलीकडून अम्मी कडाडली, "माझ्या दारातलं झाड मागणारी ही कोण रे?"

नफीसानेच फोन घेतला.

"अस्सलामु अलैकुम, अम्मी. मी नफीसा. मला झाडही हवंय आणि तुमचा मुलगाही. दोन्ही कायमचे."