त्या सकाळचा वारा

नोलवेन फ्रान्सच्या ब्रेस्ट शहरात उपग्रहाच्या रडारवरून समुद्रावरचे तुफान वारे मोजायची. तीस वर्षांपूर्वी तिच्या वडिलांची मासेमारी बोट त्यांच्यासह पाच जणांना घेऊन बुडाली, ती अशाच वाऱ्यात, असं सगळं गाव मानत आलं होतं. म्हाताऱ्या आईच्या हट्टापायी तिने त्या सकाळची उपग्रहाची जुनी नोंद शोधून काढली आणि रविवारी गावी आल्यावर सांगितलं, "आई, तिथे वादळ नव्हतंच गं. कपडे वाळतील इतकाच वारा होता."

बांगडे साफ करणारे आईचे हात थांबले.

"कुणाला बोलली नाहीस ना?"

"नाही."

"मग बोलूही नकोस. पाच घरांनी आजवर वाऱ्यालाच शिव्या घातल्यात, पोरी. आता या वयात आम्ही घालायच्या कुणाला?"