अस्सल, घासलेले

"आमच्या दोघांपैकी कुणी घासलं, तेवढं लिहून द्या," दादा म्हणाले आणि बहिणीकडे न बघता तिच्याकडे बोट दाखवलं.

"लिहाच," बेबी म्हणाली. तिचं वय सहासष्ट होतं.

समोर तपासनीस बसला होता. जुन्या नाण्यांना दर्जाचे नंबर देणाऱ्या कचेरीत सव्वीस वर्षं काढल्यामुळे त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. चहात साखर आहे म्हटलं तरी तो कप उजेडात धरून बघायचा. लग्नात त्याने वधूचीही कड तपासली होती, असं कचेरीत म्हणत. त्याची बायको ते नाकारत नसे. शेजारी त्याची नवी सहकारीण होती, आणि दोघांच्या मधे मखमलीच्या तुकड्यावर नाणं. चांदीचं, राजाचा चेहरा असलेलं, आणि सव्वाशे वर्षांच्या मानाने फारच ताजंतवानं.

नाणं प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करण्याआधी मालकाला अर्धा तास हरकत घेता येते, असा कचेरीचा नियम होता. लोक तो नंबर वाढवून मागण्यात घालवत. या भावंडांचा पंधरा मिनिटं झाली तरी एकमेकांच्या पिशवीकडे बघण्यात चालला होता.

नाणं त्यांच्या वडिलांचं. जानेवारी ते जून दादांकडे, जुलै ते डिसेंबर बेबीकडे, अशी अकरा वर्षं पाळी चालू होती. देताघेताना वजन व्हायचं, भिंगातून पाहणी व्हायची, पावती व्हायची. मागच्या वेळी 'हलकं लागतंय' एवढंच सांगायला बेबीने पहाटे साडेपाचला फोन केला होता. आज दादांनी बावीस पावत्यांची फाइल आणली होती. बेबीने राजाच्या नाकाचे दर महिन्याचे फोटो आणले होते. नंबर मिळाला तर एक संग्राहक नाणं घ्यायला तयार होता. मग पाळी संपणार होती, पावत्या संपणार होत्या आणि, दोघांनीही वेगवेगळं गाठून तपासनिसाला सांगितलं होतं त्याप्रमाणे, एकमेकांचं तोंड बघणंही.

तपासनिसाने हरकतीचा अर्ज पुढे सरकवला. त्याआधी पेन उघडून आतली कांडी बघितली. दादांनी डाव्या हाताने सही केली. बेबीने उजव्या.

त्याने दोन्ही सह्या पाहिल्या आणि पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बराच वेळ लावला.

"राजाच्या गालावर बारीक चरे आहेत," तो म्हणाला. "दोन जातींचे. काही डावीकडे वळलेत, काही उजवीकडे. साधारण निम्मे निम्मे."



मग दादांनी छताला उद्देशून सांगितलं, की जूनच्या शेवटी द्यायच्या आदल्या दिवशी ते जरासं पुसत. पुसत म्हणजे टूथपावडरने. माझ्याकडे असताना डाग पडला असं कुणी म्हणायला नको. बेबीने टेबलाला उद्देशून सांगितलं, की ती भांड्यांची पावडर वापरते. कारण तेच.

तपासनिसाने लेबल लिहिलं: अस्सल. घासलेले. नंबराच्या जागी आडवी रेघ मारली.

सहकारिणीला ते पटलं नाही. घासलेल्या नाण्यालाही नंबर द्यावा, थोडा कमी करून, आणि खाली दोष लिहावा, असं तिचं पहिल्या दिवसापासूनचं म्हणणं होतं. "माणूस लंगडतो म्हणून त्याचं वय सांगायचंच नाही का, सर?"

"वय सांगू की. शर्यतीत धरणार नाही."

"घासलं नसतं तर नंबर किती होता?" दादांनी विचारलं.

"सत्तरपैकी चौसष्ट."

"आणि सत्तर?"

"सत्तर मी अजून कुणाला दिलेला नाही," तपासनीस म्हणाला. "एकदा द्यावासा वाटला होता. म्हणूनच दिला नाही."

सहकारीण भावंडांकडे वळली. लेबलवर हरकत घेतलीत तर फेरतपासणी माझ्याकडे येते, तिने समजावलं. मी चाळीस देईन, दोष लिहून देईन, आणि त्या संग्राहकाला चाळीसही चालतात. अर्जावर फक्त एक खूण करायची. "सहा मिनिटं आहेत," ती म्हणाली.

अर्ज टेबलाच्या मधोमध होता. दादांनी पाणी मिळेल का विचारलं. पाणी आलं, ते त्यांनी घोट घोट घेतलं. बेबीने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. चार मिनिटं झाली. दादांनी पावत्या तारखेप्रमाणे लावल्या. त्या आधीपासूनच तारखेप्रमाणे होत्या. तपासनीस दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला. हे दोघं काहीतरी लपवताहेत, एवढं त्याला सव्वीस वर्षांच्या अनुभवावरून कळत होतं.

घड्याळात अर्धा तास पूर्ण झाला.

"हरकत नाही, असं धरू?" त्याने विचारलं.

"धरा," दोघं एकदम म्हणाले, आणि दोघांनाही दुसऱ्याचा राग आला.

डबी यंत्राखाली दाबली गेली. आता ती उघडणार नव्हती. आत पाणी, पावडर, बोट, काहीच जाणार नव्हतं.

जुलैची तीन तारीख होती, म्हणजे पाळी बेबीची. दारापाशी दादांनी डबी पुढे केली आणि थांबले. प्लास्टिकवर त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता. त्यांनी त्यावर श्वास सोडला, खिशातून रुमाल काढला आणि डाव्या हाताने गोल गोल पुसून डबी दिली.

बेबीने ती तळहातावर तोलली.

"जड लागतंय," ती म्हणाली. मग पर्समधून स्वतःचा रुमाल काढून तिने तीच जागा उजव्या हाताने, उलट दिशेने पुसायला घेतली.