पाच मिनिटं जिन्यात

माझा नवरा राकेश हृदयावर संशोधन करतो. पेशंटच्या दंडाला बीपीचा पट्टा आवळायचा, पाच मिनिटं हाताचं रक्त थांबवायचं, मग पाच मिनिटं सोडायचं. अशा चार फेऱ्या केल्या की हृदय सावध होतं आणि पुढचा मोठा धक्का सोसतं, असं त्याचं म्हणणं.

सोमवारी आमच्या छोट्या लेकीला, पूर्वाला, पहिल्यांदाच पाळणाघरात सोडून मला हडपसरला ऑफिसला जायचं होतं. म्हणून रविवारी मी सराव केला. पाच मिनिटं बाहेर जिन्यात, पाच मिनिटं घरात पूर्वाजवळ. सासूबाई घड्याळ घेऊन दाराआड उभ्या.

"आई, ती रडतेय का हो?"

"बिस्कीट खातेय. अजून दीड मिनिट आहे, दार उघडणार नाही."

राकेश हसून हसून बेजार. "अगं, ते विज्ञान आहे. आईच्या काळजाला लागू होत नाही."

सोमवारी पूर्वा पाळणाघरात शिरली ती मागे वळून न बघता. राकेश त्याच्या स्कूटरकडे गेला, मी बसमध्ये बसले. डोळे चक्क कोरडे! स्वारगेट आल्यावर मी त्याला फोन लावला.

"बघ, लागू झालं! एक थेंब नाही आला. तू पोचलास ना लॅबमध्ये?"

फोनमधून पोरांचा गलका ऐकू येत होता.

"नाही गं," तो हळूच म्हणाला. "पाळणाघराच्या जिन्यात बसलोय. अजून दोन फेऱ्या राहिल्यात."