पहिली पंगत

१९७४ साली रेल्वेतल्या शांतवनची जेऊरहून सोलापूरला बदली झाली, आणि नवराबायको रविवारी जायला चर्च शोधू लागली. पहिल्या चर्चमध्ये उपदेश उत्तम, पण महिनाभरात एस्तेरला कुणी नावसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्यात उपदेश लांबलचक आणि पेटी बेसूर, पण सणाच्या प्रीतिभोजनाला दोघांना आग्रहाने पहिल्या पंगतीत बसवत आणि हात आखडता न घेता मटणाच्या फोडी वाढत. शांतवनने सगळा हिशेब करून पेटीला माफ केलं.

एस्तेर मात्र कुढायची. "वरीस झालं, आजून 'या पाव्हणं, बसा पाव्हणं'च चाललंय. हितं आपलं कोन हाय?"

"अगं, पाव्हण्यांनाच फोडी मिळत्यात. गप जेव."

ईस्टरला ती पहिल्या पंगतीत बसते न बसते, तोच म्हातारी सलोमीबाई कमरेला पदर खोचून ओरडली, "एस्तेर, ऊठ की गं! सगळ्या बाया वाढाय लागल्यात, आन् तू ताट घिऊन बसलीयास व्हय? नवऱ्यालाबी उठव, पानी वाढंल त्यो."

दोघं शेवटच्या पंगतीला बसली, तेव्हा पातेल्यात नुसता रस्सा उरला होता.

घरी जाताना शांतवन धुमसत होता. "कळली ह्यांची माया. पुढच्या रविवारी तिसरं चर्च बघू."

 

"तुमी जावा खुशाल, पाव्हणं म्हणून," एस्तेर हसत म्हणाली, "मला आज माज्या घरच्यांनी पंगतीतनं उठवलंय."