हसरी तार

"मला हे लग्न करायचं नाही," हेमांगी म्हणाली, आणि तिला बघायला आलेल्या निमकरकाकू कौतुकाने हसल्या. "बघा, कशी गोड थट्टा करते!"

हेमांगी थट्टा करत नव्हती. ती संतापली होती. पण तिने दात आवळले, की तोंडातली तार जबडा सैल सोडायची आणि ओठांचे कोपरे वर उचलायची. सैल जबड्यातून शब्दही मऊच पडायचे. जबड्याच्या ऑपरेशननंतर दातांवर ही नव्या प्रकारची तार बसवत. दात आवळले तर जोडलेलं हाड सरकेल, म्हणून तार रागाला चेहऱ्यावर येऊच देत नसे. हेमांगीला फक्त धड चावता यायला हवं होतं. हसण्याची सोय डॉक्टरांनी बाबांना विचारून केली, ती बेशुद्ध असताना.

"बाबा, हाड केव्हाच जुळलंय. ही तार काढायची होती ना?" तिने विचारलं. हसतच.

"लग्नापर्यंत राहू दे की, किती छान दिसतेस," बाबा म्हणाले आणि काकूंकडे वळले. "मुलगी हसतेय, म्हणजे होकारच. तोंड गोड करा."

समोर पानसुपारीचं तबक होतं. हेमांगीने त्यातला अडकित्ता उचलला, तोंडात घातला आणि तार कचकन तोडली. ओठातून रक्त आलं.

मग तिने दात आवळले. ते आवळलेलेच राहिले.

काकूंच्या हातातला पेढा तोंडापर्यंत गेलाच नाही.

"आता," हेमांगी म्हणाली, "परत विचारा."